जीआय मिळालं, पण दर्जा कोण राखणार? छोट्या काजू कारखान्यांची रोजची कसोटी

पेडणे, प्रतिनिधी : गोव्यातून घरी परतणारा पर्यटक बॅगेत दोन वस्तू हमखास भरतो, फेणी आणि काजू. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजेच जीआय मिळालं. गोव्याच्या काजूला ते २०२३ मध्ये मिळालं, तर शेजारच्या वेंगुर्ला काजूला त्याच्याही आधी. पाकिटावर शिक्का आला, त्याचा आनंद आहेच. पण पाकीट फोडल्यावर आतला गर मऊ लागला किंवा कीड दिसली, तर तो शिक्का काय कामाचा?

पेडणे, डिचोली, सत्तरी आणि हद्दीपलीकडे दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला या पट्ट्यात छोटे काजू कारखाने आहेत. दहा-वीस कामगार, त्यात बहुतेक बायका. मालक स्वतःच खरेदी बघतो, स्वतःच विक्री. अशा ठिकाणी 'क्वालिटी कंट्रोल' म्हटलं की लोक हसतात. ते मोठ्या औषध कंपन्यांचं काम, आपलं नव्हे, असं वाटतं. खरं तर छोट्या कारखान्यालाच त्याची जास्त गरज असते. एक लॉट परत आला तर मोठी कंपनी सोसते, छोटा मालक कर्जात जातो.

एक परत आलेला लॉट

बी.कॉम. झाल्यावर काही काळ मी एका काजू कारखान्यात हिशेब लिहायला होतो. नाव सांगत नाही. चवथीच्या तोंडावर मोठी ऑर्डर होती आणि बाहेर पाऊस धो धो. गर निवडायला बसलेल्या एका मावशीने सुपरवायझरला सांगितलं, "गर मऊ लागतत, आवाज येणा नाय." सुपरवायझर म्हणाला, "मावशी, तुम्ही निवडा, बाकीचं आम्ही बघतो." माल पॅक झाला, गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. गराला वास येत होता.

नुकसानीचा आकडा वहीत मीच लिहिला. पण ती मावशी काय म्हणाली होती, हे वहीत कुठेच नव्हतं. दोष मशीनचा नव्हता आणि तिचा तर नव्हताच. ज्याला पहिल्यांदा कळलं त्याच्या शब्दाला किंमत नव्हती, हा खरा दोष. दर्जाची 'संस्कृती' म्हणतात ती याच जागी असते किंवा नसते.

बिघडतं कुठे?

काजू बी ते काजूगर या प्रवासात तपासायच्या जागा चारच आहेत.

पहिली, खरेदी. पोतं घेण्याआधी नमुन्याची बी कापून बघतात. किती गर चांगले, किती सुकलेले, किती काळे पडलेले, हे मोजून उतारा काढतात. व्यापारात तो ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर, असा सांगतात. ४८ पौंड उतारा म्हणजे साधारण २२ किलो गर. ओली बी घेतली तर वजनात फसलातच, वर साठवणीत बुरशी.

दुसरी, वाफवणं आणि फोडणं. वाफ कमी-जास्त झाली किंवा वाफवलेली बी नीट निवली नाही, की फोडताना गर तुटतो. टरफलातलं तेल गराला लागलं तर डाग पडतो.

तिसरी, सुकवणं. गर बोरम्यात म्हणजे गरम हवेच्या कपाटात सुकवतात, मग साल निघते. तयार गरात ओलावा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा सर्वमान्य नियम आहे. आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत उघडा ठेवलेला गर बघता बघता ओल धरतो. त्यामुळे सकाळी बरोबर असलेला माल संध्याकाळी बरोबर असेलच असं नाही.

चौथी, निवड आणि पॅकिंग. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. डब्ल्यू-२४० म्हणजे २२० ते २४०. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि दर जास्त.

हिशेब काय सांगतो?

कॉमर्सवाला असल्यामुळे मला पैशाची भाषा लवकर कळते. उदाहरणादाखल धरूया. रोज १० पोती फुटतात, पोत्यामागे २२ किलो गर. तुकडा २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेला, तर पोत्यामागे २.२ किलो अख्खा गर तुकड्यात गेला. दोन्हींच्या दरात किलोमागे २०० रुपयांचा फरक धरला तर एका पोत्याला ४४० रुपये, दिवसाला ४,४०० आणि २५ दिवसांत १ लाख १० हजार. हे नुकसान कुठल्याही बिलात दिसत नाही, म्हणून मालकाला बोचत नाही. ओलावा मोजायचं यंत्र आणि एक तपासनीस 'परवडत नाही' म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा आपल्या दराने मांडून बघावा.

चार सवयी

एक, थांबवायचा हक्क. जपानच्या टोयोटा कारखान्यात चूक दिसली तर साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. आपल्याकडे दोरी नको, पण निवडणाऱ्या बाईने 'थांबा' म्हटलं तर ट्रे बाजूला ठेवून तपासायचा, एवढा नियम हवा. दहापैकी नऊ वेळा काही निघणार नाही. तरी तिला ओरडायचं नाही. एकदा ओरडलात की दहाव्या वेळी ती गप्प बसेल.

दोन, वही. तारीख, लॉट नंबर, बी कुठून आली, ओलावा किती, कोणी तपासलं. पाच रकाने पुरतात. माल परत आला तर कुठला लॉट, हे पाच मिनिटांत कळायला हवं. संध्याकाळी एकदम बसून भरलेली वही खोटी असते, हे मी भरणारा म्हणून सांगतो.

तीन, मजुरीची पद्धत. नुसती किलोवर मजुरी दिली की हात घाई करतात आणि गर तुटतो. अख्ख्या गराला थोडा जास्त दर दिला तर लक्ष आपोआप राहतं.

चार, मालकाची वागणूक. एरवी दर्जावर भाषण देणारा मालक ऑर्डरच्या दिवशी 'चलता है, घाल गाडीत' म्हणाला, की सहा महिन्यांची शिस्त त्या एका वाक्यात जाते. कामगार भिंतीवरचा बोर्ड वाचत नाहीत, मालकाकडे बघतात.

नावाची जबाबदारी

देशातले कारखाने पश्चिम आफ्रिकेतून बी आणून फोडतात. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण बाहेरची बी फोडून तिला गोव्याचं मानांकन लावणं ही फसवणूक आहे. १९९९ च्या जीआय कायद्यानुसार हे नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. इथेही वहीच कामाला येते. बी कुठली, हे दाखवता आलं पाहिजे.

सुधारणा करायची तर मदतही आहे. केंद्राच्या 'झेड' योजनेत कांस्य, रौप्य, सुवर्ण असे टप्पे आहेत. प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघु उद्योगांना ६० टक्के सवलत मिळते. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो. आपल्याकडचे बरेच काजूवाले त्यात बसावेत. उद्यम नोंदणी मात्र हवी.

आणि गिऱ्हाइकांसाठी एक सोपी परीक्षा. डब्ल्यू-३२० लिहिलेल्या पाकिटातले १०० ग्रॅम काजू मोजा. ६६ ते ७० भरले पाहिजेत. ८० भरले तर दुकानदाराला विचारा. मग एक गर दाताखाली धरा. कट्‌ असा आवाज आला तर समजा, कुठल्या तरी कारखान्यात एका मावशीचं कोणीतरी ऐकलं आहे.