ओट्याचा ग्रॅनाइट आणि किरणोत्सर्ग

स्वयंपाकघरातील ग्रॅनाइटमुळे कर्करोग होतो का, अशी शंका अनेकांना येते. दगड-मातीत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम अल्प प्रमाणात असतेच. ग्रॅनाइटमध्ये ते जास्त, तर भोर-वेल्ह्याच्या काळ्या पाषाणात, म्हणजे राजगड-तोरणा ज्याचे बनले आहेत त्या बेसाल्टमध्ये, कमी असते. ओट्यापुरत्या ग्रॅनाइटला सहसा भिण्याचे कारण नाही.

जपावे ते रेडॉन वायूपासून. युरेनियमपासून तयार होणारा हा रंग-वास नसलेला वायू जमिनीतून व भिंतींतून येऊन बंद खोलीत साठतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचे धूम्रपानाखालोखाल हे प्रमुख कारण आहे. विडी ओढणाऱ्यास तर धोका कितीतरी अधिक. म्हणून पावसाळ्यात, थंडीतही रोज खिडक्या उघडाव्यात, जमिनीच्या भेगा बुजवाव्यात आणि विडी सोडावी.