साखरेपलीकडचं स्वादुपिंड

स्वादुपिंड म्हणजे इन्सुलिनचा कारखाना, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात पाउल लांगरहान्सने 1869 मध्ये वर्णन केलेली, इन्सुलिन तयार करणारी पेशींची बेटं या ग्रंथीचा जेमतेम 1-2 टक्के भाग व्यापतात. बाकी बहुतेक सगळा संसार पाचकरसाचा. आणि हे शेजारी एकमेकांपासून तुटलेले नाहीत. बेटांतून निघालेलं बरंचसं रक्त भोवतालच्या पाचकपेशींना भिजवत पुढे जातं, त्यातलं इन्सुलिन त्यांना पोसतं. ते आटलं की पेशी रोडावतात. टाइप 1 मधुमेहात स्वादुपिंड आकारानेच लहान आढळतं, त्याचं हे एक कारण असावं.

मग प्रत्येक मधुमेहीचं पचन का बिघडत नाही? कारण इथली शिल्लक दांडगी. चरबी पचवणारं लायपेज नेहमीच्या साधारण 10 टक्क्यांखाली घसरेपर्यंत तूप निमूटपणे पचतं. त्यानंतर मात्र शौच फिकट, तेलकट, पाणी ओतूनही भांड्याला धरून राहणारं होतं; वजन उतरतं. कोणी म्हणेल, जुलाब तर मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीनेही होतात. खरंच होतात. शिवाय कधी गाडी उलटीही असते: दक्षिण भारतात, विशेषतः केरळात आढळलेल्या, स्वादुपिंडात खडे होण्याच्या विकारात ग्रंथी आधी बिघडते, मधुमेह मागून येतो. म्हणूनच अंदाज बांधण्यापेक्षा शौचातलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडाचंच एक एन्झाइम, मोजलेलं बरं, अर्थात पातळ जुलाबाच्या नमुन्यात तेही फसवं कमी दिसतं. पाचकरसाची कमतरता ठरलीच, तर एन्झाइमच्या कॅप्सूल जेवतानाच घ्यायच्या, उपाशीपोटी नव्हे. आणि अन्न नीट पचू लागल्यावर साखर चढू शकते, तेव्हा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून पुन्हा बसवून घ्यावा लागतो.