विश्लेषण : सहस्रकुंडचा धबधबा सगळेच पाहतात, पण काठावरची झाडे का महत्त्वाची?

पावसाळा लागला की नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरील सहस्रकुंड धबधब्यावर गर्दी होते. काळ्या खडकांतून कोसळणाऱ्या पैनगंगेचे फोटो घरोघरी मोबाइलवर फिरतात. मात्र त्याच फोटोत मागे दिसणाऱ्या झाडाझुडपांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मराठवाड्यात दुर्मीळ होत चाललेली खरी गोष्ट तिथेच आहे.

या काठाचे वेगळेपण काय?

बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळते. किनवट-माहूर परिसरात ती जंगलातून वाहते. नांदेड जिल्ह्यातील बहुतांश जंगल याच पट्ट्यात आहे. पैनगंगा अभयारण्य सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचे असून ते दोन्ही जिल्ह्यांशी जोडलेले आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात मात्र वनक्षेत्र एक टक्काही नाही. तिथे औषधी वनस्पतींसाठी वडवळ नागनाथच्या बेटाचे, म्हणजे एका टेकडीचे नाव घ्यावे लागते.

वनस्पती समुदाय म्हणजे काय?

एका ठिकाणची माती, पाणी आणि ऊन यांच्याशी जुळवून एकत्र वाढणाऱ्या वनस्पती म्हणजे समुदाय. खडकाळ नदीकाठी त्याचे साधारण तीन थर दिसतात.

• पात्रातील खडक : महाराष्ट्रातील अशा पात्रांत शेरणीचे झुडूप आढळते. अरुंद पाने आणि लवचीक फांद्यांमुळे ते पुरात मोडत नाही, वाकते.

• ओला काठ : अर्जुन, वाळुंज, उंबर, करंज, जांभूळ. यांची मुळे काठाची माती धरून ठेवतात.

• वरचा उतार : साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, पळस असे पानगळीचे जंगल. कळलावी, मुसळी यांसारख्या कंदवर्गीय वनस्पती पावसाळ्यात याच झाडांखाली उगवतात.

यातील बरीच झाडे एकेकटी पाहिली तर ओळखीचीच आहेत. हे तिन्ही थर एकाखाली एक शाबूत असलेला काठ मात्र मराठवाड्यात विरळाच.

पुराशी या झाडांचा संबंध काय?

अर्जुनाचे पाच पंखांचे फळ पाण्यावर तरंगत दूर जाते. जांभळाची बी फार दिवस टिकत नाही. म्हणून फळे पावसाच्या तोंडावर गळतात. वाळुंजाचे कापसाळ बी तर थोडेच दिवस जिवंत राहते आणि ओल्या, मोकळ्या गाळावर पडले तरच रुजते. थोडक्यात, पूर कधी येतो आणि कधी ओसरतो यावर पुढची पिढी ठरते.

मग धोका कुठे आहे?

धबधब्याच्या वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. शेतीला आणि गावांना त्याचे पाणी हवेच. पण धरण आले की नदीचे वेळापत्रक बदलते : लहान पूर अडतात, उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते, दरवाजे उघडले की एकदम लोंढा येतो. खालच्या बाजूला प्रस्तावित असलेल्या निम्न पैनगंगा प्रकल्पाला बुडीत क्षेत्रातील गावांचा अनेक वर्षांपासून विरोध आहे. तिथे घरे आणि शेतांबरोबर काठही पाण्याखाली जाईल. याशिवाय वाळू उपसा, काठापर्यंत आलेली नांगरट आणि बी धरण्याआधीच कंद खणणे हे रोजचे धोके आहेत.

नोंद कोण ठेवणार?

वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा ग्रंथ १९९८ मध्ये आला. त्यामुळे तुलनेला आधार आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. किनवट-माहूर भागातील गोंड, कोलाम, आंध कुटुंबांना कोणते झाड कुठे आणि कधी फुलते हे ठाऊक आहे. ती माहिती नोंदवहीत उतरली, तर प्रकल्पाच्या चर्चेत काठाचीही बाजू मांडता येईल.

पर्यटकांनी काय करावे?

काठावरची रोपे तुडवू नका, कंद उपटू नका, प्लास्टिक परत न्या. आणि धबधब्याचा फोटो काढून झाला की एक फोटो अर्जुनाच्या झाडाचाही काढा, तारीख आणि ठिकाणासह. दहा वर्षांनी तोच पुरावा ठरेल.