गंज दिसतो एकीकडे, पत्रा झिजतो दुसरीकडे

इंग्लंडमधील ॲबिंग्डन या गावी १९६२ ते १९८० या काळात ‘एमजीबी’ नावाची एक छोटी स्पोर्ट्स मोटार तयार होत असे. दोन माणसांपुरती जागा, वर कापडी टप आणि पुढे १.८ लिटरचे साधे, दणकट इंजिन. बंद छपराच्या प्रकारासह अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच आजही हौसेने चालवल्या जातात. ही गाडी विकत घेणारा जाणकार माणूस मात्र इंजिनाकडे नंतर पाहतो. आधी तो गुडघे टेकतो आणि दाराखालचा पत्रा चाचपतो. इंजिन बिघडले तर उघडून दुरुस्त करता येते. पत्रा आतून संपलेला असेल, तर गाडीच संपलेली असते.

लोखंड हवा आणि पाणी यांच्यामुळे गंजते, हे आपण सातवी-आठवीच्या वर्गात शिकवतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. गाडीचा पत्रा नेमका कोठे आणि का गंजतो, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. उलट, ‘जेथे हवा जास्त तेथे गंज जास्त’ असा चुकीचा निष्कर्ष विद्यार्थी काढतात. एमजीबीचे उदाहरण घेऊन आपण हा गुंता सोडवू.

गाडीचा उंबरठा

एमजीबीच्या आधीच्या ‘एमजीए’ या गाडीला खाली वेगळी, जाड लोखंडी चौकट होती आणि तिच्यावर पत्र्याचे अंग बसवलेले असे. एमजीबीमध्ये ही चौकट काढून टाकली गेली. साधारण एक मिलिमीटर जाडीचे पत्रे वाकवून, एकमेकांना वेल्ड करून पोकळ पेट्या बनवल्या आणि त्या पेट्यांनीच गाडीचा भार पेलावा, अशी रचना केली. त्यामुळे वजन वाचले. उघड्या गाडीला छप्पर नसल्यामुळे तिचा ताठपणा मुख्यतः दोन्ही दारांखालच्या पोकळ पेट्यांवर अवलंबून राहिला. इंग्लंडमधील कारागीर या पेटीला ‘सिल’, म्हणजे उंबरठा, म्हणतात.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. बुटांचे रिकामे खोके झाकणासह दोन टोकांना धरून पिळून पाहा. मग झाकण काढून पुन्हा पिळा. झाकण नसलेले खोके सहज पिळवटते. आता त्याच्या लांब बाजू खालच्या कडेला कापा. खोके मधोमध वाकू लागेल. सिल गंजलेल्या एमजीबीचे असेच होते. ती जॅकवर उचलली की दाराची फट बदलते आणि कधी दार अडकून बसते. म्हणजे येथील गंज हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाच्या आणि धडकेच्या मध्ये हीच पेटी असते.

एका थेंबात काय घडते?

केंब्रिज विद्यापीठातील यूलिक रिचर्डसन इव्हान्स (१८८९–१९८०) या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात गंजण्याचे एक सुंदर प्रात्यक्षिक मांडले. ते शाळेच्या प्रयोगशाळेत करता येते.

शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनच्या द्रावणाचे दहा-बारा थेंब घाला. लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरने घासून लख्ख करा आणि त्यावर या द्रावणाचा रुपयाएवढा एक थेंब ठेवा. पोटॅशियम फेरिसायनाइड तापवू नये, तीव्र आम्लात मिसळू नये आणि प्रयोगानंतर हात धुवावेत.

प्रथम थेंबाखाली निळे आणि गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात. थोड्या वेळाने त्यांची विभागणी होते. थेंबाचा मध्य निळा होतो, कडेला गुलाबी वलय तयार होते आणि काही काळाने या दोहोंच्या मध्ये तपकिरी गंजाचे कडे उमटते.

याचा अर्थ पाहू. निळा रंग म्हणजे तेथे लोखंडाचे अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून आयनांच्या रूपात पाण्यात उतरत आहेत. हे धनाग्र. गुलाबी रंग म्हणजे तेथे अल्कली तयार होत आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पत्र्यातून आलेले इलेक्ट्रॉन घेतो आणि हायड्रॉक्साइड आयन बनतात. हे ऋणाग्र. दोन्ही प्रकारचे आयन वाटेत भेटतात आणि तेथे आणखी ऑक्सिजन मिळाल्यावर तपकिरी गंज बनतो. तेव्हा थेंब म्हणजे एक छोटा विद्युतघट आहे. पत्रा ही त्याची तार आणि खारट पाणी हा त्याचा द्रव.

मध्यभाग धनाग्र का झाला? थेंबाची कड पातळ असते आणि तिला हवेतून ऑक्सिजन सतत मिळतो. मध्यभागी जो ऑक्सिजन होता तो संपतो आणि नवा सहजी पोचत नाही. ऑक्सिजन भरपूर असेल ती जागा ऋणाग्र होते आणि तो कमी असेल ती जागा धनाग्र. झिजते ते धनाग्र. म्हणजे ऑक्सिजनशिवाय गंजण्याची क्रिया चालत नाही, पण खड्डा पडतो तो ऑक्सिजन कमी असलेल्या जागी! आणि गंज साचतो तो आणखी तिसऱ्याच जागी. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर जुन्या गाडीचे सगळे कोडे उलगडते.

चिखल कोठे बसतो?

एमजीबीच्या पुढच्या मडगार्डच्या आत, चाकामागे, चिखल अडवण्यासाठी एक उभा पत्रा असतो. त्याच्या कडेला रबराची पट्टी असते. काही वर्षांत रबर कडक होऊन फाटते आणि चाकाने उडवलेला चिखल त्या पत्र्यामागे जाऊन बसतो. नेमके तेथेच सिलचे पुढचे टोक मडगार्डखाली दडलेले असते. ओला चिखल वरून सुकलेला दिसतो. पत्र्याला चिकटलेला थर मात्र आठवडेच्या आठवडे ओला राहतो. त्या थराखाली ऑक्सिजन कमी, शेजारच्या उघड्या पत्र्यावर जास्त. थेंबाचाच प्रयोग, पण मोठ्या प्रमाणावर आणि वर्षानुवर्षे.

दोन पत्रे एकमेकांवर ठेवून वेल्ड केलेले सांधे ही दुसरी जागा. तेथील केसाएवढ्या फटीत पाणी शिरते, पण बाहेर येत नाही. पोकळ पेटीच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पेटीचे डबके होते.

त्यात भर पडते मिठाची. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून मीठ पसरतात. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू शुद्ध पाण्यापेक्षा खाली असतो. सुमारे २३ टक्के मीठ असलेले द्रावण उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. रस्ता मोकळा होतो, पण ते पाणी गाडीच्या तळाशी उडते. मीठ तेथे तीन प्रकारे घात करते. विद्युतवहन वाढल्यामुळे घट जोरात चालतो. क्लोराइड आयन लोखंडावर संरक्षक पापुद्रा टिकू देत नाहीत. आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून घेते. पाऊस नसतानाही पत्रा ओला राहतो. आपल्या कोकणात समुद्रालगतच्या घरांचे खिडक्यांचे गज लवकर जातात, त्याचे कारणही हेच. म्हणून मीठ लागलेली गाडी न धुता उबदार, बंद गॅरेजमध्ये ठेवणे चांगले नाही. उबेमुळे रासायनिक क्रियेचा वेग वाढतो आणि कोंडलेल्या हवेत ओल वाळत नाही.

फसवी दुरुस्ती

गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट जागा व्यापतो. त्यामुळे रंगाला फोड येतो. हा फोड आपल्याला बाहेरून दिसतो तेव्हा पत्रा बहुधा आतून आधीच झिजलेला असतो. येथे दोन सोपे मार्ग मोह घालतात.

पहिला मार्ग पुट्टीचा. फोड घासून त्यावर पुट्टी भरायची आणि रंग द्यायचा. पुट्टीला भार पेलता येत नाही. शिवाय बाहेरची बाजू झाकली, तरी आतल्या बाजूचा घट चालूच राहतो.

दुसरा मार्ग अधिक धोक्याचा, कारण तो अधिक पक्का वाटतो. गंजलेले सिल तसेच ठेवून त्यावर नव्या पत्र्याचे आवरण वेल्ड करतात. बाहेरून गाडी नवी दिसते. पण आता जुना आणि नवा पत्रा यांच्यामध्ये एक बंद, ओली, ऑक्सिजन कमी असलेली फट तयार झालेली असते. जुन्या गंजात मीठ मुरलेले असतेच. आपण आपल्या हाताने धनाग्रासाठी जागा करून दिलेली असते. असे आवरण काही वर्षांतच आतून खाल्ले जाते. गाडीच्या तळाला डांबराचा जाड लेप देण्यानेही हेच होते. लेप जुना होऊन तडकला की पाणी आत शिरते आणि तेथेच मुक्काम करते.

खरी दुरुस्ती

खरी दुरुस्ती आतून बाहेर करावी लागते. एमजीबीचे पुढचे मडगार्ड बोल्टने बसवलेले असते. ते काढल्याशिवाय सिलचे पुढचे टोक दिसतच नाही. गंजलेला पत्रा जेथे लख्ख, पूर्ण जाडीचे लोखंड लागेल तेथपर्यंत कापतात. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे दांडे वेल्ड करून ती जखडतात. तसे केले नाही, तर सिल काढताच गाडी मधे वाकते आणि नवे सिल वाकड्या मापाला बसते. मग आतले आणि बाहेरचे नवे पत्रे क्रमाने वेल्ड करतात.

जो पत्रा शाबूत आहे पण वरवर गंजला आहे, तो आधी घासून व गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढतात आणि सुकवतात. मग फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असलेले द्रव्य लावतात. फॉस्फोरिक आम्लामुळे लोह फॉस्फेटचा, तर टॅनिक आम्लामुळे लोह टॅनेटचा काळसर थर बनतो. लोखंडी विळीवर आवळा चिरला की तो काळा पडतो. ही क्रिया त्याच जातीची आहे. हा थर रंगाला धरून ठेवतो, पण गेलेले लोखंड परत आणत नाही. एक मिलिमीटरचा पत्रा अर्धा झाला असेल, तर तो अर्धाच राहतो.

यानंतर जस्ताची पूड असलेला रंग देतात. जस्त लोखंडापेक्षा अधिक सहजतेने इलेक्ट्रॉन सोडते. त्यांचे प्रमाण विद्युत विभव अनुक्रमे उणे ०.७६ व उणे ०.४४ व्होल्ट आहेत. दोन्ही एकमेकांना टेकलेले असले की जस्त धनाग्र होते आणि स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. ओरखडा पडला तरी हे संरक्षण चालू राहते, ते यामुळेच. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. त्यामुळे वेल्डिंगच्या जागी जस्त उडून जाते. तेथे पुन्हा लेप द्यावा लागतो आणि त्या धुरापासून वेल्डरने जपावे लागते, कारण त्याने ताप येतो.

शेवटी पोकळ पेटीच्या आत लांब नळीने मऊ मेणाचा फवारा मारतात. हे मेण फटींत झिरपते, मऊ राहते आणि तडकत नाही. तळाची भोके मात्र उघडी ठेवायची. मेणाने तीच बुजली, तर सगळे मुसळ केरात.

कारखानदारांनीही हा धडा घेतला. पोर्शे कंपनीने ९११ या स्पोर्ट्स मोटारीच्या अंगासाठी १९७५ पासून जस्तविलेपित पत्रा वापरायला सुरुवात केली. एमजीबीचे उत्पादन १९८० मध्ये थांबले. पण गंजलेल्या गाड्यांसाठी पूर्ण नवी अंगे हवीत, ही मागणी इतकी होती की १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे वापरून ती पुन्हा बनवायला घेतली.

तपासणारा कोण?

ब्रिटनमध्ये गाड्यांची सक्तीची तपासणी १९६० मध्ये सुरू झाली. पट्ट्यांचे खिळे, चाकांचे आधार अशा मोक्याच्या जागांपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल, तर गाडी नापास होते. पण मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांना या वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच राहिली. आता प्रत्येक एमजीबी चाळिशी ओलांडलेली आहे. तिचे सिल पोकळ झाले आहे की नाही, हे पाहणारा डोळा बहुतेक वेळा फक्त मालकाचा. त्याने चकाकत्या रंगावर विश्वास ठेवायचा, की रंगामागे काय घडत असेल याचा विचार करायचा?

हा विचार करायला शिकवणे हे आपले काम आहे. वर सांगितलेला थेंबाचा प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्यांना शाळेच्या आवारात फिरवावे. खिडकीचा गज मधे गंजला आहे की चौकटीत शिरतो तेथे? बाकाचा लोखंडी पाय कोठे खाल्ला गेला आहे? पाण्याच्या टाकीचा नळ सांध्यापाशी का गळतो? प्रत्येक ठिकाणी आधी अंदाज लिहून घ्यावा आणि मग टोकदार खिळ्याने पत्रा टोचून पाहावा. अंदाज बरोबर येऊ लागले, की धनाग्र आणि ऋणाग्र हे शब्द पाठ करून घेण्याची गरज उरणार नाही.