दादींना ऐकू येतं, मग समजत का नाही?

रविवारी सगळं घर दस्तरखानावर बसलेलं असतं. टीव्ही सुरू, मुलांचा गलका, भांड्यांचा आवाज. दादींना काही विचारलं की त्या भलतंच उत्तर देतात आणि मुलं हसतात. दुपारी घर शांत असताना मात्र त्यांना सगळं नीट कळतं. मग घरचे म्हणतात, "यांना हवं तेवढंच ऐकू येतं!" आम्हीही असंच म्हणायचो. चूक आमची होती.

कान आवाज पकडतो, अर्थ मेंदू लावतो. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात साधारण 15 हजार नाजूक केसपेशी असतात. त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. वयात आधी बारीक, चिरके आवाज टिपणाऱ्या पेशी जातात. त्यामुळे 'स', 'श', 'फ' निसटतात आणि 'साठ'चं 'आठ' होतं.

दुसरा बदल मेंदूतला. 'काल' आणि 'गाल' यांतला फरक सेकंदाच्या काही शतांश भागाचा असतो. तरुण मेंदू तो चटकन पकडतो, म्हातारपणी हा वेग मंदावतो. नको तो आवाज बाजूला सारून हवा तो ऐकणंही जड जातं. म्हणून चार जण एकदम बोलले की सगळ्याची खिचडी होते.

ओरडून काय होतं? स्वर मोठे होतात, निसटलेली व्यंजनं तशीच राहतात. वर दादींना वाटतं, आपल्यावर रागावलेत. अंदाज बांधून बांधून मेंदू थकतो आणि मग माणूस बोलणंच सोडतो. हे साधं नाही. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं सांगितली. कमी ऐकू येणं त्यांतलं एक आहे.

मग करायचं काय? आधी टीव्ही बंद करा. समोर बसून, चेहरा दिसेल असं, सावकाश बोला. एकाच वेळी एकानेच बोलावं. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा ओरडू नका, शब्द बदलून सांगा. कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. कधी नुसता मळच साचलेला असतो. मशीन लावलं तर सुरुवातीला सगळा गोंगाटच वाटतो, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत ते कपाटात ठेवू नका.

आणि मुलांना एवढं जरूर सांगा: दादींनी "काय?" विचारलं तर "काही नाही, जाऊ दे" म्हणायचं नाही. त्या एका वाक्याने आपले बुजुर्ग दस्तरखानावर बसूनही एकटे पडतात.