डिस्कस मासा पाळायचाय? टाकीच्या आधी पाणी बघा. खारपाणपट्ट्यात हा शौक महागात पडू शकतो

बुलढाणा : मोबाईलवर रील बघून डिस्कस मासा घ्यायचं वेड आता गावागावात पोहोचलं आहे. ताटलीसारखा गोल, चपटा, लाल-निळ्या-पिवळ्या रंगाचा हा मासा दिसायला देखणा आहे यात शंका नाही. पण गप्पी, मोली, गोल्डफिश जसा बरणीत किंवा छोट्या टाकीत तग धरतो, तसा हा धरत नाही. दोन-अडीच इंचाचं पिल्लूसुद्धा शेकड्यांत मिळतं, मोठा मासा हजारांत जातो. सहा मासे आणले आणि आठ दिवसांत उताणे झाले, तर घरात बोलणी बसतात ती वेगळीच. बहुतेक वेळा दोष माशाचा नसतो. पाणी तयार नसताना तो घरात आलेला असतो.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. तिथे जंगलातून संथ वाहणारं, पालापाचोळ्याने चहासारखं तांबूस झालेलं पाणी असतं. त्यात क्षार नावापुरते, पाणी थोडं आंबट आणि बारा महिने कोमट. बुडालेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये हे मासे थव्याने राहतात. पिल्लांना आई-बाप दोघंही आपल्या अंगावर येणारा चिकट स्राव खाऊ घालतात. पिल्लं अक्षरशः त्यांच्या अंगाला चिकटून चरतात. माशांमध्ये ही गोष्ट फार कमी ठिकाणी दिसते. आज बाजारात मिळणारे बहुतेक डिस्कस टाकीतच पैदास झालेले असतात, त्यामुळे ते जंगली माशाइतके नाजूक राहिलेले नाहीत. तरी कोमट आणि मऊ पाण्याची सवय सुटलेली नाही.

आपलं पाणी कसं आहे?

आता आपल्याकडचं बघा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागातला खारपाणपट्टा कुणाला नवीन नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरे डाग पडतात. अशा बोअरच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवलं तर अनेक ठिकाणी आकडा हजाराच्या वर जातो. घाटावरच्या तालुक्यांत खारेपणा कमी असला तरी काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी जड असतंच. डिस्कसला टीडीएस १०० ते २०० असेल तर उत्तम, इथेच वाढलेला मासा ३०० पर्यंत चालवून घेतो. पीएच ६ ते ७ च्या मध्ये हवा, साडेसातपर्यंत निभतं.

टीडीएस मीटर पेनासारखं असतं आणि स्वस्त असतं. टाकीवर एक रुपया घालायच्या आधी ते घ्या. पीएचसाठी थेंब टाकून रंग बघायची बाटली मिळते. तीन पाणी मोजा : बोअरचं, नळाचं आणि आरओचं. वान धरणाचं नळयोजनेचं पाणी ज्यांच्याकडे येतं त्यांचा आकडा बोअरपेक्षा चांगला निघण्याची शक्यता असते. पण त्यात ब्लिचिंग पावडर असते आणि क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. ते पाणी उघड्या ड्रममध्ये हवेच्या पंपाचा दगड सोडून २४ तास ठेवायचं, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं क्लोरीन काढायचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाकायचं.

बोअरशिवाय इलाज नसेल तर आरओचं पाणी मिसळावं लागतं. समजा बोअर ९०० आणि आरओ ५० दाखवतं. एक बादली बोअर आणि पाच बादल्या आरओ मिसळलं की आकडा साधारण १९० येतो. नुसतं आरओ भरू नका. त्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे पीएच धरून ठेवायला काही उरत नाही आणि तो एका रात्रीत घसरू शकतो. काही जण पाणी 'मऊ' करायचं मिठाचं यंत्र सांगतात. ते यंत्र कॅल्शियम काढतं आणि त्या जागी सोडियम घालतं, क्षार तेवढेच राहतात. डिस्कससाठी त्याचा उपयोग नाही. पावसाचं पाणी मात्र फुकटचं मऊ पाणी आहे. पहिले एक-दोन पाऊस सोडून द्यायचे, स्लॅब धुऊन निघाला की स्वच्छ ड्रममध्ये धरायचं आणि झाकून ठेवायचं.

इथे एक हिशेब मांडलाच पाहिजे. सहा मोठ्या डिस्कसला ३०० लिटर पाणी लागतं. त्यातलं तीस टक्के पाणी आठवड्यातून दोनदा बदलायचं, म्हणजे १८० लिटर. वरच्या प्रमाणात त्यातलं १५० लिटर आरओचं. घरगुती आरओ एक लिटर गोड पाणी देताना दोन ते तीन लिटर बाहेर फेकतो. म्हणजे आठवड्याला साडेचारशे ते सहाशे लिटर पाणी ओढावं लागणार. ज्या गावात एप्रिल-मे मध्ये टँकर येतो, बाया-पोरं हंडे घेऊन रांगेत उभी राहतात, तिथे हा मासा पाळू नये हेच खरं. तिथे गप्पी-मोली पाळा, त्यांना आपलं जड पाणी मानवतं.

टाकी, जागा आणि हिटर

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत काठोकाठ ३४० लिटर पाणी मावतं, थोडी रिकामी ठेवली की ३०० च्या वर. काचेसकट वजन चार क्विंटलच्या आसपास जातं. लाकडी टेबलावर, कपाटावर असली टाकी ठेवायची नाही. लोखंडी अँगलचा स्टँड वेल्डरकडून बनवून घ्या, वर जाड प्लाय आणि त्यावर थर्माकोल. पाणसळ लावून बघा, एक कोपरा खाली असेल तर काचेवर ताण येतो. तळात रेती-खडी नको. तळ मोकळा असला की उरलेलं अन्न आणि विष्ठा नळीने रोज ओढून काढता येते. एखादं भिजवलेलं, पाण्यात बुडणारं लाकूड पुरे, माशाला आडोसा मिळतो.

पाणी २८ ते ३० अंश लागतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा १०-१२ पर्यंत उतरतो, त्यामुळे हिटर हवाच. दर लिटरला एक वॅट असा साधा हिशेब धरा आणि ३०० वॅटचा एक घेण्यापेक्षा १५० चे दोन घ्या. एक बंद पडला तर मासे लगेच गारठत नाहीत, एक अडकून चालूच राहिला तर मासे उकडतही नाहीत. गावात व्होल्टेज वर-खाली होतं, त्यात हिटर अडकायचे प्रकार होतात. म्हणून तापमापी वेगळा लावा, हिटरवरच्या आकड्यावर भरवसा नको. पाणी काढायच्या आधी हिटर बंद करून दहा मिनिटं थांबा, गरम काच उघडी पडली की तडकते. अर्थिंग नसलेल्या घरात पाण्यात हिटर सोडू नका आणि प्लग काढल्याशिवाय टाकीत हात घालू नका.

टाकी 'पिकवणं' म्हणजे काय

सर्वात जास्त मासे इथेच मरतात. दुकानदार टाकी आणि मासे एकाच दिवशी विकतो आणि आपणही घेतो.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला सोपी आहे. आपण युरिया टाकतो, जमिनीत त्याचा अमोनिया होतो, मातीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि पीक ते उचलतं. टाकीतही तेच चक्र चालतं. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी, त्याने रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. नव्या टाकीत हे जिवाणूच नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून टाकी भरा, फिल्टर आणि हवेचा पंप चोवीस तास चालू करा, पाणी २८ अंशांवर ठेवा आणि मासे न सोडता रोज चिमूटभर माशाचं खाद्य टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खायला मिळतं. थेंबांच्या किटने आठवड्यातून दोनदा तपासा. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट चढतं. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागलं की टाकी पिकली. ओळखीच्या कुणाची जुनी निरोगी टाकी असेल तर तिथला मळका स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये पिळा, काम लवकर होतं. पुढेही स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने सगळे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळायचा.

जड, खारट पाणी इथे दुसऱ्यांदा आडवं येतं. पीएच ७ असताना अमोनियाचा फार छोटा भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग जवळपास दहापट होतो. डिस्कसच्या टाकीत पाणी आधीच गरम, गरम पाण्यात हे आणखी वाढतं. म्हणून ज्या पाण्यात गोल्डफिश जगला त्याच पाण्यात डिस्कस मेला, याचं आश्चर्य वाटू नये.

फवारणीचं घर असेल तर

शहरातल्या माणसाच्या व्हिडिओत ही गोष्ट सापडत नाही. आपल्या घरात कपाशी-सोयाबीनची औषधं असतात. सायपरमेथ्रीन, लॅम्डा सारखी औषधं माणसाला जितकी घातक त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त माशाला घातक आहेत. पाण्यात नावापुरती उतरली तरी मासे जातात. फवारणी करून आल्यावर साबणाने हात धुतले तरी त्या दिवशी टाकीत हात घालू नका, पाणी बदलायचं काम घरातल्या दुसऱ्याला सांगा. औषधाची रिकामी बादली कितीही धुतली तरी मत्स्यालयासाठी वापरायची नाही. टाकीच्या खोलीत औषधाचा डबा किंवा पंप ठेवायचा नाही.

डास मारायची अगरबत्ती आणि प्लगमधलं लिक्विडही त्याच कुळातलं आहे. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे धूर पाण्यात कालवल्यासारखंच झालं. त्या खोलीत मच्छरदाणी वापरा. ग्रामपंचायतीची धूरफवारणी आली की खिडक्या लावा, टाकीवर ओली चादर टाका, धूर बसेपर्यंत हवेचा पंप बंद ठेवा आणि मग लगेच चालू करा.

लाइन गेली तर

लोडशेडिंगमध्ये मासे थंडीने नाही, आधी प्राणवायूने जातात. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. हवेचा छोटा पंप फार तर पाच-दहा वॅट खातो, तो इन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरीवरचा पंप ठेवा. काहीच नसेल तर तांब्याने पाणी उचलून वरून ओतत राहा. लाइन येईपर्यंत खायला घालू नका. बंद डब्यातला फिल्टर चार-पाच तास बंद राहिला तर आतले जिवाणू गुदमरतात, आतलं पाणी फेकल्याशिवाय तो चालू करू नका.

मे महिन्यात उलटी अडचण येते. टिनाच्या खोलीत टाकी नकोच. पाणी ३२ च्या वर जाऊ लागलं की झाकण काढून पाण्यावर पंखा सोडा, कूलरच्या खोलीत टाकी असेल तर अजून बरं. पाणी आटेल त्याची भर फक्त आरओच्या पाण्याने करा, कारण पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात.

मासे आणताना

एकटा-दुकटा डिस्कस घाबरून कोपऱ्यात काळा पडतो. सहा सारख्या आकाराचे एकदम आणा. शरीर लहान आणि डोळा मोठा दिसला तर तो खुंटलेला मासा, स्वस्त दिला तरी सोडा. अंग काळपट, पंख मिटलेले, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी असेल तर त्या टाकीतला एकही घेऊ नका. दुकानदाराला आपल्या समोर खायला घालायला लावा आणि त्याच्या पाण्याचा टीडीएस-पीएच मोजा, मीटर खिशात असतंच. घरी आल्यावर पिशवीतलं पाणी आणि मासे बादलीत घ्या, सलाइनच्या नवीन नळीने टाकीचं पाणी थेंब-थेंब तासभर सोडा, मग जाळीने मासे टाकीत घ्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. पहिला दिवस दिवे बंद, खाणं बंद. दोन-तीन दिवस खाल्लं नाही तरी घाबरायचं कारण नाही.

खाण्यात गोठवलेले ब्लडवर्म, बारीक केलेला झिंगा, डिस्कसचं दाणेदार खाद्य चालतं. नाल्यातल्या जिवंत लाल अळ्या रोग घेऊन येतात. उरलेलं अन्न दहा-पंधरा मिनिटांत नळीने काढा. टाकीतून काढलेलं पाणी कढीपत्ता, जास्वंद, मिरचीच्या रोपांना घाला, त्यात नायट्रेट असतं आणि क्षार कमी असतात. आरओचं फेकलेलं पाणी मात्र झाडांना सतत घालू नका, ते फरशी आणि संडासासाठी ठेवा.

'डिस्कसची जोडी घ्या, घरबसल्या कमवा' असं सांगणारे फोन आणि व्हिडिओ वाढले आहेत. जोडी जमवावी लागते, अंडी खाल्ली जातात, पिल्लं जगवायला याहूनही मऊ पाणी लागतं आणि तयार पिल्लांना गिऱ्हाईक पुणे-मुंबईत असतं. वर्षभर स्वतःचे सहा मासे धड जगवल्याशिवाय असल्या योजनेत पैसे घालू नका.

आणि कंटाळा आला, जमलं नाही, तर मासे विहिरीत, शेततळ्यात किंवा नदीत सोडू नका. घरातल्या टाक्यांतून बाहेर पडलेला सकर मासा उजनीत मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. दुकानदार बहुतेक वेळा मासे परत घेतो, पैसे कमी देईल इतकंच.