घरातील आठवणींचे भांडार : कमी खर्चात सुरक्षित साठवण कशी करावी?

गेल्या वर्षी आजोबांच्या पुण्यतिथीस सर्व कुटुंबीय वर्ध्यात जमले होते. संध्याकाळी आजोबांचा आवाज सर्वांनी ऐकावा, असे ठरले. वार्धक्यात ते रोज पहाटे नातवंडांना गोष्टी सांगत आणि बाबांनी त्यांतील काही कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. पुढे त्या कॅसेट संगणकावर घेऊन एका हार्ड डिस्कमध्ये ठेवल्या आणि जुनी अडगळ म्हणून टाकूनही दिल्या. डिस्क मात्र सहा वर्षे लोखंडी कपाटात जपून ठेवलेली होती.

त्या संध्याकाळी ती संगणकास जोडली, तेव्हा आतून केवळ टकटक असा आवाज आला. नंतर एका दुरुस्ती केंद्रात बराच खर्च करून काही छायाचित्रे परत मिळाली, पण गोष्टी मिळाल्या नाहीत. वाचला तो तीन मिनिटांचा एकच तुकडा, आणि तोही आर्वीच्या आत्याच्या मोबाइलमध्ये. कधीतरी सहज म्हणून तो तिला पाठवला होता. आम्ही जे जपून ठेवले ते गेले आणि जे दुसऱ्याच्या घरी दिले ते राहिले.

या अनुभवातून आमच्या घरी ‘नॅस’ आले. नॅस म्हणजे घरच्या राउटरला जोडून ठेवलेली, घरातील सर्व मोबाइल आणि संगणकांना एकाच वेळी वापरता येणारी सामाईक साठवणपेटी. ती निवडताना जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी गरज मोजावी

खरेदीपूर्वीचे पहिले काम दुकानात नसून घरात असते. आपल्याजवळ नेमके काय आहे? मोबाइलमधील एक छायाचित्र साधारण ४ एमबीचे धरले, तर एक लाख छायाचित्रांना ४०० जीबी पुरतात. लग्नाच्या चित्रफिती, दुकानाचे हिशेब, सातबारा व खरेदीखतांच्या प्रती हे सर्व मिळूनही बहुतेक कुटुंबांना ४ टीबी अनेक वर्षे पुरावे. (४ टीबीची डिस्क संगणकात ३.६ च्या आसपास दिसते. तो दोष नव्हे, मोजण्याच्या दोन पद्धतींतील फरक आहे.)

मोजण्याआधी निवड करावी. आमच्या मोबाइलमध्ये शुभप्रभातची चित्रे आणि एकाच प्रसंगाची वीस-वीस छायाचित्रे यांनी जवळजवळ निम्मी जागा व्यापली होती. परिग्रहाचे परिमाण येथेही उपयोगी पडते. जे ठेवण्याजोगे नाही, त्याच्यासाठी मोठी डिस्क घेण्याचे कारण नाही.

‘हे सारे मोबाइल कंपनीच्या आकाशातील साठवणीत का ठेवू नये?’ असा प्रश्न येईल. थोडे असेल तर अवश्य ठेवावे. परंतु गूगलची छायाचित्रांसाठीची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबीच्या पुढे दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरावे लागतात. पाच माणसांच्या घरात हा खर्च कायमचा होऊन बसतो.

तीन मार्ग

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे राउटरला यूएसबीची खाच असल्यास तिला साधी हार्ड डिस्क जोडणे. फायलींची देवाणघेवाण होते, पण वेग कमी असतो आणि डिस्क बिघडली तर सर्व गेले.

दुसरा मार्ग जुन्या संगणकाचा. ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ किंवा ‘ट्रूनॅस’ ही मोफत प्रणाली त्यावर बसवता येते. घरात या विषयाची आवड असलेला तरुण असेल तर हा मार्ग चांगला. मात्र तो फुकट नाही. ६० वॅट वीज घेणारा संगणक चोवीस तास चालला, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट जळतात. दोन डिस्कची लहान नॅस पेटी १५ वॅटच्या आसपास घेते, म्हणजे महिन्याला सुमारे ११ युनिट. शिवाय तो तरुण नोकरीसाठी पुण्यास गेला की ती प्रणाली कोण सांभाळणार?

तिसरा मार्ग तयार नॅस पेटीचा. दोन खणांची पेटी घरासाठी योग्य. सिनॉलॉजीची डीएस२२३जे आणि क्यूनॅपची टीएस-२३३ ही या वर्गातील ओळखीची उदाहरणे. पहिलीत १ जीबी, तर दुसरीत २ जीबी रॅम आहे. छायाचित्रे व कागदपत्रे साठवण्यास दोन्ही पुरतात. या पेट्या बहुधा डिस्कविना मिळतात. दोन डिस्कचा खर्च पेटीइतका किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो, म्हणून किमतीची तुलना नेहमी डिस्कसह करावी. बचत करायची तर क्षमतेत करावी, डिस्कच्या दर्जात करू नये.

डिस्क घेताना ‘सीएमआर’ ही अक्षरे पाहावीत. ‘एसएमआर’ पद्धतीत लिखाणाच्या पट्ट्या कौलांप्रमाणे एकमेकींवर चढलेल्या असतात. त्यामुळे बिघडलेली डिस्क बदलून नवी भरण्याचे काम फार मंदावते. सीगेटची आयर्नवुल्फ आणि वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस या मालिका सीएमआर आहेत.

वर्ध्याचा उन्हाळा

माहितीपत्रकांत न सापडणारी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यास विशेष लागू आहे. अशा पेट्या साधारणपणे ४० अंशांपर्यंतच्या भोवतालच्या तापमानासाठी बनवलेल्या असतात. मे महिन्यात वर्धा, हिंगणघाट, पुलगाव येथे पारा ४५ च्या घरात जातो. अशा वेळी बंद कपाटात किंवा पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवलेली पेटी आजारी पडणारच. ती घरातील सर्वांत थंड, हवेशीर खोलीत ठेवावी, मात्र कूलरच्या ओल्या झोतासमोर नको. वीज जाण्याचा प्रश्नही आहेच. लिहिता लिहिता वीज गेली तर फायली बिघडू शकतात. म्हणून लहान यूपीएस हा चैनीचा नव्हे, आवश्यक खर्च समजावा. पेटीला यूएसबीने जोडता येणारा यूपीएस असल्यास वीज संपत येताच पेटी स्वतःहून नीट बंद होते.

दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत

दोन डिस्क एकमेकींचा आरसा म्हणून चालवता येतात. या व्यवस्थेस ‘रेड-१’ म्हणतात. एक डिस्क बिघडली तरी दुसरी काम देते. पण चुकून एखादी फाइल पुसली, तर आरशातूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. चोरी, आग, विजेचा लोळ यांपुढे दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटला थेट उघड्या असलेल्या अनेक क्यूनॅप पेट्यांतील फायली कुलूपबंद केल्या. त्यामुळे पेटी थेट इंटरनेटला उघडू नये, तिची प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी आणि पेटीबाहेर एक प्रत अवश्य ठेवावी.

जाणकार यासाठी ३-२-१ हे सूत्र सांगतात : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी. आमची तिसरी प्रत आर्वीस आत्याकडे असते. साध्या हार्ड डिस्कवर वर्षातून दोनदा ती नवी करून नेतो. इंटरनेटवरून पाठवण्यापेक्षा हे सोपे पडते. सेकंदाला २० मेगाबिट वेगाने ४०० जीबी चढवायला सुमारे ४४ तास लागतात. गिगाबिटच्या तारेने पेटीतून डिस्कवर ते सुमारे तासाभरात उतरू शकतात.

या सूत्राचे मोल आपल्या समाजाला तरी नवे वाटू नये. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथील ताडपत्रांवरच टिकून होती. त्या ताडपत्रांना काही झाले असते तर सारेच संपले असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले, त्या नकला बाहेर पडल्या आणि आपल्या शेजारच्या अमरावतीत प्राध्यापक असलेल्या डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये पहिला भाग छापून निघाला. सोळावा भाग १९५८ मध्ये आला. ग्रंथ जपला तो मूडबिद्रीच्या भांडाराने, आणि कायमचा निर्धास्त केला तो नकलांनी.

वर्षातून एक दिवस

ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, श्रुतपंचमीला, आपण शास्त्रे बाहेर काढतो, झटकतो, नव्या वेष्टनात बांधतो. त्याच दिवशी आम्ही आता पेटीही तपासतो. डिस्कचे आरोग्य दाखवणारा अहवाल पाहतो, आणि मुख्य म्हणजे आर्वीच्या प्रतीतून चार-दोन फायली उघडून बघतो. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हेच, हे त्या टकटक आवाजाने आम्हास शिकवले. पासवर्ड कागदावर लिहून आईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवला आहे, म्हणजे तो केवळ एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये.

आणखी एक विनंती. कॅसेट, जुने अल्बम, हातच्या वह्या संगणकावर उतरवल्यानंतर मूळ वस्तू टाकू नका. आजोबांच्या तीन मिनिटांत एका कोल्ह्याची गोष्ट सुरू होते आणि मध्येच तुटते. पुढे काय झाले, हे आमच्या घरात आता कोणालाही आठवत नाही.